आठवा हिस्सा

पासोडी ही शेतकऱ्याच्या घरातली वस्तू. जाड्याभरड्या सुताची, दुपदरी. थंडीत अंगाभोवती लपेटायची, खळ्यावर राखणीला गेलं की खाली अंथरायची. ग्रंथ लिहायला कुणी ती पुढ्यात ओढेल असं वाटत नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ओढली. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिलं. ओव्या आहेत, आकृत्या आहेत, आणि चारशे वर्षं उलटून गेल्यावरही हे कापड अंबाजोगाईत जपलेलं आहे.

वाङ्मयाच्या इतिहासात दासोपंत (१५५१–१६१५) बहुधा आकड्यांतूनच भेटतात. गीतेवरचा सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’. रोज एका ढब्बू पैशाची शाई संपल्याशिवाय उठायचं नाही हा त्यांचा नेम, जो परंपरा मोठ्या कौतुकानं सांगते. आणि ही ४० फुटांची पासोडी. आकडा सांगितला की आदर दाखवून होतो आणि वाचायची जबाबदारी टळते. पासोडीची तर लांबी-रुंदी सांगितली की विषयच संपतो. मला मात्र या लांबीत विक्रमापेक्षा रचना जास्त दिसते.

पोथीचं पान उलटलं की मागचं झाकलं जातं. वाचणारा एका जागी मांडी घालून बसतो आणि मजकूर त्याच्यासमोरून सरकत जातो. पासोडीत हे उलटं होतं. ती पसरायला खोली पुरत नाही; लांब ओसरी हवी, नाहीतर देवळाचा सभामंडप. उलगडायला एकापेक्षा जास्त हात लागतात. मजकूर जागच्या जागी राहतो आणि वाचणाऱ्याला कापडाच्या कडेनं सरकावं लागतं. पुढे गेलं तरी मागचं डोळ्यांआड होत नाही; मान वळवली की दिसतं. विषयही असा निवडलेला, की ज्यात प्रत्येक गोष्ट दुसऱ्या प्रत्येक गोष्टीत मिसळलेली. तो पानापानांत कापून दिला असता तर धागा तुटला असता. माझी अटकळ अशी, की हे एकट्यानं वाचायचं पुस्तक नसावंच. दहा जणांना समोर बसवून, बोटानं किंवा काठीनं दाखवत शिकवायचा तो पट असावा. सव्वा लाख ओव्या लिहिणाऱ्या माणसानं एकदा तरी लेखक म्हणून नव्हे, मास्तर म्हणून विचार केला, आणि त्यातून ही पासोडी आली.

आता पंचीकरणाकडे. आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी ही पाच भुतं मुळात सूक्ष्म आणि निर्भेळ. मग डोळ्यांना दिसणारं हे ठोस जग त्यांच्यातून घडलं कसं? वेदान्त्यांनी त्यासाठी वाटपाचा एक हिशेब बसवला. प्रत्येक भुतानं आपले दोन भाग करायचे. अर्धा आपल्याकडे ठेवायचा. उरलेल्या अर्ध्याचे चार वाटे करून बाकीच्या चौघांना एकेक देऊन टाकायचा. चौघांकडूनही तसाच एकेक वाटा आपल्याकडे येतो. म्हणजे ज्या ढेकळाला आपण पृथ्वी म्हणतो त्यात निम्मीच पृथ्वी. बाकी निम्म्यात आकाश, वायू, तेज आणि आप यांचा प्रत्येकी आठवा हिस्सा. निर्भेळ पृथ्वी जगात कुठंच सापडायची नाही. नाव तेवढं मोठ्या वाट्यावरून पडतं.

मराठीत हा हिशेब पुढे देहाला लागला. दासबोधातही तो आहे. पाचापाचांचे पंचवीस खण, आणि त्यांत माणसाचा सगळा संसार. हाडं, मांस, कातडी, नाडी, रोम ही पृथ्वी. घाम आणि लाळ आपाच्या घरात. चालणं, वळणं, पसरणं वायूचं. काम, क्रोध, शोक, मोह, भय हे आकाशाचं, म्हणजे पोकळीचं, यावर तर दिवसभर विचार करता येतो. पण मी थबकतो ते तेजाच्या रांगेत. तिथं भूक, आळस आणि झोप यांच्या जोडीला तहान बसवली आहे. तहान पाण्याच्या घरात नाही, आगीच्या घरात आहे. चांगल्या पावसाच्या मुलखात हे वाचणाऱ्याला तत्त्वज्ञानातली एक चलाख जुळणी वाटेल. एप्रिलमध्ये पाटोदा किंवा आष्टी तालुक्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बाईला ते समजावून सांगावं लागणार नाही.

हा आठव्या हिश्श्याचा हिशेब ज्या डोंगरावर बसून लिहिला गेला, त्या डोंगरालाही तो लावून पाहावा असं मला बरेच दिवस वाटत होतं. डोंगराळ, आटोपशीर आणि अनेक भाषांचा मुलूख म्हटलं की आपल्याकडे स्वित्झर्लंडचं नाव निघतं, आणि बीडचं नाव निघतं ते दुष्काळ, ऊसतोड आणि अलीकडे गुन्हेगारीच्या बातम्यांत. बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर. स्वित्झर्लंडच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढं. तिथल्यासारखी बर्फाची शिखरं इथं नाहीत. बालाघाट म्हणजे सह्याद्रीतून फुटून आग्नेयेला गेलेली, माथ्यावर सपाट आणि कडेला कातरलेली बेताच्या उंचीची रांग. पण पाणलोटाच्या बाबतीत तो आल्प्सच्या वळणावर गेलेला आहे. तिकडे एकाच डोंगराळ गाभ्यातून ऱ्हाइन उत्तर समुद्राकडे निघते आणि ऱ्होन भूमध्य समुद्राकडे. इकडे एकट्या पाटोदा तालुक्यातून तीन पाणी तीन दिशांना जातात.

पहिली सिंदफणा. ती चिंचोलीच्या डोंगरात उगवते, बालाघाटाखाली उतरते, वाटेत बीड शहरातून आलेली बिंदुसरा पोटात घेते आणि माजलगावच्या पुढे मंजरथला गोदावरीला मिळते. गोदावरीला इथं कुणी गोदावरी म्हणत नाही. ती गंगा, आणि तिच्या काठची काळ्या मातीची गेवराई-माजलगावची पट्टी ती गंगथडी. दुसरी विंचरणा. सौताड्याला ती कड्यावरून खाली झेपावते, जामखेडकडे वळते आणि सीनेला मिळते. सीना पुढे सोलापूरच्या दक्षिणेला हत्तरसंग कुडलजवळ भीमेत शिरते. तोच हा संगम, जिथल्या देवळात शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. नदीपलीकडे कानडी मुलूख सुरू होतो. सौताड्याच्या धबधब्यासमोर फोटो काढून घेणाऱ्यांना हे पाणी कुठं निघालंय हे सांगणारा एखादा फलक तिथं असायला हरकत नव्हती.

तिसरी मांजरा. या लेखात तिचं काम जास्त आहे. पाटोद्यातल्या गवळवाडीजवळ सुमारे ८२३ मीटर उंचीवर ती उगवते आणि ७२४ किलोमीटर चालते. धाराशिव-लातूरच्या बाजूनं जाताना ती मराठी असते, बीदरला कानडी होते, पुढे तेलंगणात शिरून तेलुगू होते आणि नावही मंजीरा घेते. निजामाच्या राज्यात १९२३ ते १९३१ या काळात तिच्यावर निझामसागर बांधला गेला. केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे, आणि ते आटलं तेव्हा, २०१६ च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. शेवटी तेलंगणातल्या कंदकुर्तीला ती गोदावरीला मिळते. म्हणजे पाटोद्याच्या माथ्यावर एकाच पावसात पडलेले दोन थेंब, एक सिंदफणेतून मंजरथ-नांदेडच्या वाटेनं आणि दुसरा लातूर-बीदरच्या वाटेनं, कंदकुर्तीला पुन्हा एकत्र येतात. ऱ्हाइन आणि ऱ्होनच्या पाण्याच्या नशिबी ही भेट नाही.

दासोपंत या मांजरेच्या उलट्या अंगानं वर आले. त्यांचा जन्म बीदरच्या मुलखातल्या नारायणपेठेचा. वडील दिगंबरपंत देशपांडे, सारा वसूल करून बीदरच्या दरबारात भरणारे. चरित्रकथा अशी, की एका वर्षी दुष्काळ पडला, भरणा थकला, आणि पोरगा ओलीस म्हणून बीदरच्या सुलतानानं ठेवून घेतला. मुदत संपेपर्यंत पैसे आले नाहीत तर त्याला बाटवायचं ठरलं. शेवटच्या घटकेला दत्ताजी पाडेवार नावाचा एक माणूस आला, रक्कम मोजली, मुलगा सोडवला आणि निघून गेला. तो दत्तच, असा भक्तांचा निर्वाळा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचीही कथा अशीच आहे: दुष्काळ, लोकांना वाटून टाकलेलं सरकारी धान्य, बीदरचा दरबार, आणि महाराच्या रूपात येऊन पैसे भरणारा देव. दोन्हीकडे देव येतो तो खालच्या मानलेल्या कामकऱ्याच्या वेशात, आणि पहिलं काम करतो ते सरकारी देणं भरण्याचं. या मुलखात चमत्काराचीसुद्धा पावती लागते.

बीदरच्या त्या दरबारात मुलाच्या कानांवर काय काय पडलं असेल? फारसी कागदावर, दखनी तोंडी, कानडी आणि तेलुगू बाजारात, मराठी हिशेबाच्या वह्यांत. नंतर तो मुलगा विरक्त होऊन फिरला आणि अखेर अंबाजोगाईला स्थिरावला. असा माणूस कापड पसरून लिहायला बसतो, आणि लिहितो काय, तर निर्भेळ असं काही नसतं, प्रत्येकात इतरांचा आठवा हिस्सा असतो. वेदान्ताचा हा सिद्धान्त त्यांच्या आधीपासूनचा, यात शंका नाही. दासोपंतांनी भाषांविषयी काही सुचवलं असा दावा मी करत नाही. पण अनेक सिद्धान्तांतून माणूस कुठला उचलतो आणि कुठला इतक्या आवडीनं ४० फूट लांब करतो, यात त्याचं आयुष्य उतरत असतं.

आता डोंगरावरच्या वाट्यांकडे पाहू. मोठा वाटा मराठीचा, नाव तिच्यावरूनच पडणार. पण तीही एकजात नाही. आष्टी-कड्याकडची बोली नगरला चिकटलेली. परळी-अंबाजोगाईकडे गेलात की माणसं ‘करायलोय’, ‘जायलोय’ म्हणू लागतात आणि बोली लातूरकडे झुकते. जिल्ह्याच्या मधोमध कुठंतरी हा सांधा आहे. नेमका कुठं, हे एसटीत शेजारी बसलेल्यांना विचारलं तर भांडण लागेल.

दखनी ही बीड, अंबाजोगाई, परळीच्या मुसलमान वस्त्यांची घरातली बोली. तिची नक्कल सिनेमावाले करतात ती हैदराबादी म्हणून, आणि नेहमी हसवायला. खरं तर मराठीचा वाटा तिच्यात उघड्यावर आहे. मराठीचा निश्चयार्थी ‘च’ तिनं सरळ उचलला, ‘नको’ला जोर देऊन ‘नक्को’ केलं, आणि उर्दूच्या शाळेत मास्तर कितीही रागावले तरी दोन्ही सोडले नाहीत. उलट बाजूचा वाटा चावडीवर दिसतो. मराठवाड्यातला शेतकरी जमिनीचा जुना पुरावा काढायला जातो तेव्हा खासरा पत्रक मागतो. इनाम, जहागीर, सरफेखास हे शब्द त्याच्या आज्याच्या तोंडी होते. जुन्या माणसांना दोन रुपये ठाऊक होते: निजामाचा ‘हाली’ आणि इंग्रजांचा ‘कलदार’. निजामाच्या नोटेवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू, कानडी अशा पाच भाषा असत. स्वित्झर्लंडच्या नोटेवर चार असतात. निजामाच्या राज्याची आठवण हळवेपणानं काढावी असं त्यात फार थोडं आहे, आणि रझाकारांचे दिवस बीडनं पाहिलेले आहेत. पण १९४८ च्या सप्टेंबरपूर्वी खिशातली नोट काढली की हा मुलूख किती भाषांचा आहे ते हातात दिसायचं, हे मात्र खरं. १९५६ च्या १ नोव्हेंबरला भाषावार प्रांतरचना झाली, बीड मुंबई राज्यात आलं, आणि नकाशावर मांजरेचे तीन तुकडे झाले. आरक्षणाच्या वादात २०२५ मध्ये ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द पारापारावर पोचला, तेव्हा कुठं नव्या पिढीला कळलं की आपले कागद एके काळी हैदराबादच्या दप्तरात होते.

कानडीचा वाटा शोधायचा तर मांजरसुंब्याजवळ कपिलधारला जावं. बालाघाटाच्या कुशीत पावसाळ्यात धो-धो कोसळणारी धार आणि तिच्याजवळ मन्मथस्वामींची समाधी. वीरशैव लिंगायतांचा हा मराठीतला मोठा संत. ज्या पंथाची वचनं कानडीत, मठांची घडी कानडी मुलखात बसलेली, त्या पंथाचा ‘परमरहस्य’ हा ग्रंथ स्वामींनी मराठीत लिहिला. कार्तिकी पौर्णिमेला कर्नाटक आणि तेलंगणातूनही दिंड्या येतात. दिंडी, टाळ, पताका ही सगळी वारकऱ्यांची मांडणी. गळ्यात तुळशीऐवजी इष्टलिंग. पंढरीची वारी आणि कल्याणचा बसव एकाच घाटात एकमेकांचं इतकं घेऊन बसलेत, की कुणाचं काय हे सोडवायला जाऊ नये.

जाता जाता एक. सह्याद्रीत गड म्हटला की तट, बुरूज, तोफा. बालाघाटावर धारूरसारखा खरा किल्ला आहे, पण बीडकराच्या बोलण्यातला ‘गड’ बहुतेक वेळा किल्ला नसतो. गहिनीनाथगड, नारायणगड, शेजारच्या पाथर्डी तालुक्यातला भगवानगड: ही मठ-संस्थानं आहेत, तिथून पालख्या आणि दिंड्या निघतात, नारळी सप्ताह ठरतात, आणि निवडणुकाही. माथ्यावर बसून खालच्या मुलखावर हुकमत चालवण्याचं काम तेच राहिलं. तोफांच्या जागी टाळ आले एवढंच.

गोरमाटीकडे, म्हणजे लमाणांच्या बोलीकडे, येतो तेव्हा मात्र वाटपाचा हिशेब अवघडतो. लमाणांचे तांडे बालाघाटभर आहेत. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून शेकडो कोसांची वाहतूक करणारे हे लोक. त्या फिरतीला त्यांचा शब्द ‘लदेणी’. रेल्वे आणि गाडीरस्ते आले, लदेणी संपली, आणि तांडे जिथं होते तिथं डोंगरकडेला रुतले. त्यांची बोली राजस्थानाकडची, आई तिथं ‘याडी’ असते, होळीला लेंगी गातात, श्रावणात तीज पेरतात. नायक आणि कारभारी तांड्याचा कारभार पाहतात. वडारांची वडारी तेलुगूच्या घरातली. बालाघाटावरच्या विहिरींचे कातळ फोडणारे, पाटे-वरवंटे घडवणारे हात या भाषेत एकमेकांना हाका मारतात. कैकाड्यांची बोली तमिळच्या जवळची, पारध्यांची गुजरातीच्या. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे मढीला कानिफनाथाच्या जत्रेत गाढवांचा बाजार भरतो आणि भटक्या जमातींचे मेळे पडतात; तिथं एका दुपारी जितक्या भाषा कानांवर येतात तितक्या स्वित्झर्लंडच्या रेल्वेस्टेशनवरही यायच्या नाहीत.

फरक असा, की तिथं भाषेला जमीन आहे. या कॅन्टनात जर्मन, त्या कॅन्टनात फ्रेंच, आणि रोमान्शसारख्या मूठभर लोकांच्या भाषेलाही १९३८ मध्ये राष्ट्रीय भाषेचा मान. इथं भाषेला धंदा आहे. विहीर खणायची भाषा वेगळी, ओझं वाहायची वेगळी, कागद लिहायची वेगळी, देवाची वेगळी. धंदा गेला की भाषेखालची जमीन सरकते, कारण ती मुळातच नव्हती. पंचीकरणात पाचही भुतं समान मापानं देतात-घेतात. बालाघाटावर दिलं सगळ्यांनी. घेताना मात्र मोजमाप झालं नाही. जनगणनेच्या तक्त्यात लमाणी आणि बंजारी या बोली हिंदीच्या खाती जमा होतात. बीडच्या तांड्यातल्या म्हातारीला, जिला हिंदी येत नाही, सरकार हिंदी भाषक म्हणून मोजतं. आकाशाचा आठवा हिस्सा वायूच्या नावावर चढवला तर दासोपंतांनी खोडून पुन्हा लिहिला असता. सरकारच्या तक्त्यात तो वर्षानुवर्षं तसाच आहे.

दसरा झाला की डोंगर रिकामा होतो, आणि इथं हा हिशेब पार कोलमडतो. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजली जाणारी जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या पट्ट्यात जातात. पाचट पांघरलेल्या कोप्यांत गळीत हंगाम काढतात. मराठी, लमाण, वडार, कुणीही असो, तिथं ते फक्त बीडचे. यावर पुष्कळ लिहून झालं आहे, गर्भाशय काढलेल्या बायांचे आकडे विधिमंडळापर्यंत गेले आहेत, म्हणून इथं थांबतो. इतकंच, की पाणी जसं या माथ्यावर थांबत नाही तशी माणसंही थांबू शकत नाहीत, आणि याला भूगोल जितका जबाबदार तितकंच ते पाणी खाली कुणाच्या शेतात मुरतं याचं राजकारणही.

मग राहतं अंबाजोगाई. निजामानं तिचं नाव मोमिनाबाद ठेवलं, फौजेची छावणी बसवली. लोक अंबाजोगाईच म्हणत राहिले. देवी योगेश्वरी इथली, पण तिचं माहेर कोकणात सांगतात, आणि कुलदैवत म्हणून तिला मानणारी पुष्कळ घराणी कोकणातलीच. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचा दगड झाला आणि देवी कुमारिकाच राहिली. गावाबाहेरच्या हत्तीखान्याच्या लेण्यांतले दगडी हत्ती पाहिले की ही गोष्ट कुणी रचली असेल ते कळतं. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी जयंती नदीच्या घळीत. शके १११०, म्हणजे ११८८ चा ‘विवेकसिंधू’ त्यांनी इथं लिहिला की विदर्भातल्या अंभोऱ्याला, यावर विद्वान अजून एकमत नाहीत. अंबाजोगाईत हा विषय काढायचाच असेल तर चहा आधी पिऊन घ्यावा. आणि १९३५ पासून इथल्या योगेश्वरी विद्यालयात मुख्याध्यापक होते ते स्वामी रामानंद तीर्थ, विजापूरकडच्या सिंदगीत जन्मलेले, मूळचे व्यंकटेश खेडगीकर. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व त्यांनी पुढे केलं. कोकणातून देवी, बीदरहून दासोपंत, विजापूरकडून स्वामीजी. या गावाला आपलं म्हणून जे मिरवायचं आहे त्यातलं फार थोडं इथं उगवलेलं आहे. डोंगरमाथ्यावरचं अस्सल गावरान वाटणारं सीताफळसुद्धा मूळचं अमेरिका खंडातलं.

रेल्वेचा नकाशाही हेच सांगतो. बीड शहराला रेल्वे मिळाली ती २०२५ च्या १७ सप्टेंबरला, अहिल्यानगरच्या बाजूनं. कित्येक पिढ्यांच्या मागणीनंतर. त्या दिवशी स्टेशनावर जी गर्दी लोटली ती समजण्यासारखी होती. पण दुसऱ्या बाजूनं, परळीला, रेल्वे निजामाच्या काळातच येऊन थांबली होती. परळी, घाटनांदूर, लातूर रोड, उदगीर, भालकी, बीदर, जहीराबाद, विकाराबाद. अंबाजोगाईला जायचं तर आजही घाटनांदूरला उतरतात. श्रावणात वैजनाथाला जाणाऱ्या त्या गाड्यांत तेलुगू, कानडी आणि दखनी एकाच बाकावर असतात, जागेवरून भांडण होतं ते तिन्ही भाषांत, आणि मिटतं ते बहुतेक वेळा चौथ्या, म्हणजे टी.सी.च्या हिंदीत.